'येणेबाकी': हळदीच्या अडतीत एआयची लव्हस्टोरी शूट करतानाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५

आमच्या 'येणेबाकी' पिक्चरची स्क्रिप्ट एकदाची फायनल झाली. गोष्ट अशी की सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत आहे, म्हणजे शेतकऱ्यांचा माल कमिशनवर विकायचं दुकान, तिथं सुमन नावाची दिवाणजी आहे, पंचेचाळिशीची, लग्न केलेलं नाही, पट्ट्या (विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या पावत्या) तीच करते आणि शेतकऱ्यांचे फोनपण तीच घेते. सीझनला फोन आवरेनात म्हणून शेठचा पुतण्या पुण्याहून एआय आणून बसवतो, गल्ल्यावर एक छोटा स्पीकर आणि मागं कॉम्प्युटर, बास. त्याचं काम एवढंच, फोन घ्यायचा, आजचा भाव सांगायचा, पट्टी झाली का नाही ते सांगायचं. हमाल त्याला मास्तर म्हणायला लागतात. मग रात्री हिशेब जुळत नसला की दुकानात ती आणि मास्तर दोघंच. सीझन संपल्यावर शेठ पैसे वाचवायला स्वस्तातला प्लॅन घेतो, आवाज तोच राहतो, पण आधीचं काहीच त्याला आठवत नाही.

आम्ही एक नियम केलाय, प्रेमाचं कुणी काही बोलणार नाही. बोलायचं ते फक्त धंद्याचं, राजापुरी, सेलम या हळदीच्या जाती, तोलाई, हमाली, कुणाची उचल (आगाऊ घेतलेले पैसे) किती झाली, कुणाची बाकी किती. रोबोट नाही, निळे लाइट नाहीत, स्क्रीनवर लुकलुकणारे डोळे नाहीत. पैसे नाहीत हे खरं कारण, पण तसल्या गोष्टी बघून कंटाळापण आलाय.

बजेट ६०,०००. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, कॅमेरावाला मित्र लग्नंच शूट करतो, त्यामुळं कॅमेरा आणि दोन लेन्स घरचेच. दुकान मावसभावाचं. रविवारी किंवा रात्री नऊनंतर मिळणार, आणि एक पोतं जरी फाटलं तरी भरून द्यायचं अशी अट. जे कुणी असलं काही करणार असतील त्यांना उपयोगी पडेल म्हणून लिहून ठेवतोय.

१९ जानेवारी

मास्तरचा आवाज कॉम्प्युटरकडनंच करून घ्यायचा असं डोक्यात होतं. एआयचा रोल एआयच करेल, फुकटात, वर पोस्टरवर लिहितापण येईल. आठवडा त्यात गेला.

पहिली भानगड आकड्यांची. आकडा अंकात टाइप केला की कधी मराठीत वाचतो, कधी मधेच हिंदीत घुसतो. सगळे आकडे अक्षरात लिहिले, ते सुटलं. मग यार्डात कुणी 'तेरा हजार पाचशे' म्हणत नाही, साडेतेरा म्हणतात, तेपण हातानं बदललं. गावांची नावं वेड्यावाकड्या हेलात, 'उचल' हे नाव असताना क्रियापद असल्यासारखं, कुणीतरी पोतं उचलायला सांगितल्यागत. हे सगळं वाक्य तोडून, स्वल्पविराम टाकून जमवलं. आवाज ऐकायला चांगला आला हो, अगदी स्वच्छ आला.

आणि रिहर्सलला सगळं मातीमोल झालं. ताई (सुमन करणाऱ्या, राज्य नाट्य स्पर्धेत बरीच वर्षं काम केलेल्या) वाक्य म्हणायच्या, मी लॅपटॉपवर स्पेसबार दाबायचो, मास्तर बोलायचा, ताई परत बोलायच्या. म्हणजे ताईंचा सीन प्रत्यक्षात माझ्या बोटाबरोबर चालू होता. त्या म्हणाल्या, "अरे मी हळूच म्हटलं काय आन् ओरडून म्हटलं काय, त्याला काय फरकच पडत नाही की. मग मी कशाला हळू म्हणू?"

कॅमेरावाला म्हणाला, राहू दे की, ताईंचं शूट करू, आवाज नंतर लावू. त्याचं उदाहरण तयार होतं, स्पाइक जोन्झचा 'हर' (२०१३), तीपण माणूस आणि एआयची लव्हस्टोरी, त्यात एआयचा आवाज नंतरच बदललाय. ते खरंय, पण अर्धंच. त्या शूटिंगला समांथा मॉर्टन रोज सेटवर हजर राहून हीरोशी लाइव्ह बोलत होती, एडिटिंगच्या वेळी तिच्या जागी स्कार्लेट जोहान्सनचा आवाज आला. म्हणजे हीरोच्या चेहऱ्यावर जे ऐकणं दिसतं ते एका जिवंत बाईला ऐकणं आहे. नंतर काय बदलायचं ते बदला, शूटच्या वेळी पलीकडं माणूस लागतोच. कॅमेऱ्यापुढं सव्वा तास (न कापलेलं सगळं फुटेज धरून) नुसता ताईंचा चेहराच असणार आहे, तो कुणाला तरी ऐकत असला पाहिजे.

२ फेब्रुवारी

मास्तर सापडला. कॉमर्सचा पोरगा, एकांकिका करतो, आवाज खर्जातला. फक्त एकांकिका करतो हाच प्रॉब्लेम. प्रत्येक वाक्याला भाव देतो, 'आजचा भाव साडेतेरा हजार' असं म्हणतो की ऐकणाऱ्याला हळद सोडून विष घ्यावंसं वाटावं. सपाट बोल म्हटलं की लगेच रोबोट होतो. मधलं काही नाहीच.

ताईंचीपण तीच गत, उलट्या बाजूनं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला इथं 'सीतास्वयंवर' केलं तेव्हापासून या गावाला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायचं वळण आहे, मग माइक कॉलरला का लावलेला असेना. त्यांना एवढंच सांगितलं की शेजारच्या गाळ्यात ऐकू गेलं तर उद्या यार्डभर बोभाटा होईल. लगेच आवाज खाली आला.

पोराचं मात्र जमेना. शेवटी मावसभावानं कंटाळून त्याच्यापुढं जुन्या पट्ट्यांचा गठ्ठा टाकला, म्हणाला नुसतं बसलायस तर बेरजा तरी तपास. आणि त्या बेरजा करता करता त्यानं ताईंना उत्तरं दिली, आम्ही सगळे थांबलोच. डोकं अर्धं आकड्यात गुंतलेलं, त्यामुळं वाक्य रंगवायला जागाच उरली नाही, पण ताईंनी काही अडचणीचं विचारलं की बेरीज थांबायची, अर्धा क्षण, आणि ते ऐकू यायचं. मास्तर जे काम करतो तेच काम करत तो बोलत होता. आता प्रत्येक सीनला त्याच्यापुढं खऱ्या पट्ट्या आणि पेन, कॅल्क्युलेटर द्यायचा नाही.

हाक काय मारायची यावरपण तासभर वाद. यार्डात सगळे तिला ताई म्हणतात, मास्तर ताई म्हणाला की लव्हस्टोरी संपली. मॅडम म्हटलं की बँकेचा फोन वाटतो. सुमन म्हणायची त्याची काय छाती होईना आणि आमचीपण. ठरलं की तो काहीच म्हणणार नाही, सरळ मुद्द्यावर. पूर्वीच्या घरात नवरा-बायको नावं न घेता जन्म काढायचे, ताई म्हणाल्या बरोबर आहे हे, तसंच ठेव.

९ फेब्रुवारी

शूटचा पहिला रविवार. हळदीचा ढीग जवळ असला की लाइट त्याच्यावर आपटून सगळं पिवळं होतं, ताईंना कावीळ झाल्यागत दिसायला लागलं. व्हाइट बॅलन्सनं आवरत नाही, कारण एक गाल पिवळा आणि दुसरा नीट. ढिगाच्या कॅमेऱ्याबाहेरच्या बाजूवर काळं कापड टाकलं की लगेच सुटतं, पण हे कळायला दुपार झाली.

दुकानातल्या जुन्या चोकवाल्या ट्यूब ठेवल्या, सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंदावर फ्लिकर (लाइटची लुकलुक) येत नाही, आपली लाइन ५० हर्ट्झची आहे म्हणून. गल्ल्यावरचा स्वस्तातला एलईडी बल्ब मात्र काय केलं तरी पट्टे मारत होता, काढून साधा पिवळा बल्ब लावला, २० रुपयात काम.

आणि पांढऱ्या रिफ्लेक्टरच्या कापडाला हळद लागली म्हणून कुणीतरी शहाण्यानं ते साबणानं धुतलं. कापड लालभडक. हळदीला अल्कली लागली की ती लाल होते, कुंकू असंच करतात, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच आठवलं नाही. नुसत्या पाण्यानं खळबळून कडक उन्हात वाळत टाका, हळदीचा रंग उन्हानं उडतो, दोन-चार दिवसांत बराच जातो.

१६ फेब्रुवारी

आजचा अख्खा दिवस वाया. पोराला मागच्या वखारीत बसवलेलं, ताईंच्या कानात बारका ब्लूटूथ इअरपीस, केसाखाली दिसत नाही म्हणून खूष होतो. पण सीन पडेल वाटत होता. ताई वाक्य चुकत नव्हत्या, पोरगापण नाही, तरी दोघं एकमेकांना अडखळत होते, एकदम दोघं बोलायचे, मग दोघं गप्प.

संध्याकाळी रेकॉर्डिंग लावून बघितलं तेव्हा कळलं, ब्लूटूथमुळं साधारण पाव सेकंद उशीर होतोय. पाव सेकंद म्हणजे काय एवढं, असं वाटतं. २००९ मध्ये दहा भाषांवर झालेला एक अभ्यास आहे, त्यात माणसं एकमेकांच्या बोलण्यात साधारण २०० मिलिसेकंदांचंच अंतर ठेवतात असं निघालंय, भाषेभाषेत थोडं कमीजास्त. म्हणजे आमचा उशीर आख्ख्या गॅपपेक्षा मोठा होता. दोन माणसं गप्पा मारतायत असं वाटायची जागाच आम्ही खाऊन टाकली होती.

वायर आणली, लांबलचक, १,४०० रुपये, पदराखालनं मानेपर्यंत घेतली. पुढच्या टेकला दोघं व्यवस्थित.

पण या दिवसानं एक गोष्ट दिली. रात्री घरी येऊन विचार केला की हा उशीर चुकून झाला तर सीन मरतो, मग मुद्दाम केला तर? मास्तर नवीन असताना दर वेळी बरोबर एक सेकंदानं उत्तर देईल, मशीन आहे. जसजशी जवळीक वाढेल तसा गॅप कमी होत जाईल. प्रेक्षकाला कळणार नाही काय बदललं, पण बदललंय हे कळेल. स्क्रिप्टमधली प्रेमाकडं झुकणारी चार वाक्यं तिथंच काढून टाकली.

२३ फेब्रुवारी

'शेठ, बाहेर बसा' हा सीन. याची मूळ कल्पना खऱ्या गोष्टीवरची. १९६६ ला अमेरिकेतल्या एमआयटीत जोसेफ वायझेनबॉमनं एलायझा नावाचा प्रोग्रॅम केला, समोरच्याचंच वाक्य फिरवून प्रश्न विचारायचा, त्याला कळत काही नव्हतं. वायझेनबॉमनं स्वतः लिहून ठेवलंय की त्याच्या सेक्रेटरीनं, जी त्याला तो प्रोग्रॅम बनवताना महिनोन्महिने बघत होती, थोडं टाइप केल्यावर त्यालाच खोलीबाहेर जायला सांगितलं. आमच्यात रात्री शेठ विसरलेला चष्मा घ्यायला येतो आणि रेंगाळतो, सुमन म्हणते, "शेठ, बेरीज चुकतीय माझी. जरा बाहेर बसता का?"

शेठचं काम मावसभावालाच दिलेलं, अ‍ॅक्टिंग येत नाही. ताईंनी हे वाक्य इतक्या शांतपणे टाकलं की तो खरंच गडबडला, "माझ्या दुकानात मलाच बाहेर?" असं म्हणून कॅमेऱ्याकडं बघितलं आणि चष्मा न घेताच गेला. स्क्रिप्टमध्ये नव्हतं. कॅमेऱ्याकडं बघितलेला तुकडा कापून बाकी ठेवलंय. पिक्चरमधली सगळ्यात चांगली अ‍ॅक्टिंग तीच आहे, आणि हे तो आता जन्मभर ऐकवणार.

९ मार्च

नदीचा सीन. सुमन मोबाइल घेऊन कृष्णेच्या घाटावर जाते, मास्तरला नदी ऐकवायला. पहिल्यांदा आयर्विन पुलावर ठरवलेलं, १९२९ चा पूल, मागं नदी, फ्रेम जबरदस्त दिसते. पण वारं आणि गाड्या, माइकला केसाळ कव्हर घालूनसुद्धा काही हाती लागेना. खाली घाटावर आलो, पहाटे.

इथं वायर ओढण्यात अर्थ नव्हता, म्हणून खराच फोन लावला, पोरगा घरी पट्ट्या घेऊन बसलेला. ताईंनी फोन पाण्याच्या जवळ धरला, बंधाऱ्यावरनं पाणी पडतंय, चांगला मोठा आवाज, ताई म्हणतात "ऐक." स्क्रिप्टप्रमाणं मास्तरनं दोन ओळी बोलायच्या होत्या, छान लिहिलेल्या होत्या मी. पोरगा गप्प. मग म्हणतो, "काहीच येत नाहीये."

फोनमध्ये नॉइज कमी करायची सोय असते, माणसाचा आवाज ठेवायचा आणि सतत चालणारा एकसुरी आवाज गोंगाट समजून काढून टाकायचा. पाण्याचा आवाज नेमका तसलाच. फोननं नदीच पुसली होती. ताई थांबल्या नाहीत, भूमिकेतनंच म्हणाल्या, "नदी आहे समोर." पोरानंपण सोडलं नाही, त्याच्यापुढच्या कागदात कुठंतरी पूरपातळीचे आकडे होते (दुसऱ्या सीनचे), तो म्हणाला, "आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी चाळीस फूट, धोका पातळी पंचेचाळीस." ताई बराच वेळ पाण्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "एकोणीसला सत्तावन्नच्या वर गेलेलं. आमच्या गावभागात घरात होतं पाणी." आणि तो, "हो. माझ्याकडं आहे."

एकोणीस म्हणजे २०१९ चा पूर. ताईंचं घर खरंच गावभागात, सांगलीच्या जुन्या वस्तीत आहे. माझ्या दोन ओळी गेल्या, जाऊ देत. दुसरा टेक घेतलाच नाही, कॅमेरावाला शिव्या घालत होता की फोकस थोडा मऊ आहे. मऊ तर मऊ.

३० मार्च

पाडवा. दुकान मिळालं पण सगळे घरी. फुटेजचे दोन बॅकअप केले, हार्डडिस्क ४,२००.

२० एप्रिल

एडिट. इथं खरं काम झालं, आणि वेळपण इथंच गेला.

२५ फ्रेमच्या टाइमलाइनवर एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद, म्हणजे माणसांचा नेहमीचा गॅप साधारण ५ फ्रेम. मास्तरचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर आणि ताईंच्या कानात वायर असल्यानं तो त्यांच्या माइकमध्ये शिरलेला नाही, म्हणून पाहिजे तसा सरकवता येतो. पहिल्या भागात प्रत्येक उत्तर बरोबर २५ फ्रेमनी, एक फ्रेम इकडं तिकडं नाही. मधे १५, १२, कधी १८, म्हणजे तो विचार करायला लागला. शेठला बाहेर घालवल्यानंतर ५. आणि एका ठिकाणी, ती कुणा शेतकऱ्याची उचल सांगत असते, तिचं वाक्य संपायच्या ३ फ्रेम आधीच तो आकडा बोलतो. ती दचकते. ते दचकणं शूटला वेगळ्याच कारणानं आलेलं, वखारीत मांजर पडलं होतं, पण आता ते त्या जागी असं बसलंय की कुणाला सांगितलं तर पटत नाही.

प्लॅन बदलल्यानंतर परत २५. सगळी उत्तरं. वाक्यं जवळपास तीच, आवाज तोच.

अडचण अशी की गॅप लहान करताना ताईंचा चेहरा खोटा पडतो. तिनं २० फ्रेम वाट बघितलीय, डोळे तसे हललेत, आणि आपण उत्तर ५ वर आणलं तर उत्तर आल्यावरपण ती वाट बघतच बसलेली दिसते. त्यामुळं सगळे गॅप एडिटवर होत नाहीत, निम्मे तरी शूटलाच तसे पाहिजेत. तीन सीन परत करावे लागणार, पोराला मोजून बोलायला लावून. ज्यांना हे करायचंय त्यांनी गॅपचा आकडा स्क्रिप्टमध्येच प्रत्येक वाक्यासमोर लिहा.

दुसरं म्हणजे आवाज फार स्वच्छ. स्पीकर गल्ल्यावर आणि आवाज मात्र डोक्यात. सॉफ्टवेअरमधले फिल्टर लावून 'रेडिओसारखा' केला, खोटा वाटला. मग रात्री दुकानात जाऊन तोच ४५० रुपयाचा स्पीकर गल्ल्यावर ठेवून सगळे डायलॉग वाजवले आणि ताई बसतात त्या जागी माइक ठेवून परत रेकॉर्ड केले. हॉलिवूडच्या वॉल्टर मर्च या साउंड डिझायनरनं या प्रकाराला वर्ल्डायझिंग नाव दिलंय. पोत्यांनी भरलेल्या खोलीत घुमत नाही, आवाज जवळचा राहतो. सीझन उतरेल तशी पोती कमी होतात आणि तीच खोली घुमायला लागते, म्हणून शेवटच्या भागाचं रेकॉर्डिंग मुद्दाम पुढं ठेवलं, दुकान रिकामं होईपर्यंत.

२१ मे

रिशूट आणि रिकाम्या दुकानाचं रेकॉर्डिंग एकाच रात्रीत उरकायचं होतं. पण मे महिन्यातच पाऊस. पत्र्यावर असा कोसळला की शेजारच्यानं बोललेलं ऐकू येईना. शूट कॅन्सल, माइकचं भाडं आणि पार्सलचं जेवण अंगावर, २,३०० गेले. जेवण तरी सगळ्यांनी जेवलं.

जाता जाता पावसाचा आवाज मात्र रेकॉर्ड करून घेतला, रिकाम्या दुकानातनं.

१ जून

रिशूट झालं. ताई म्हणाल्या आता परत बोलावू नकोस, शाळा सुरू होतीय. एकूण खर्च ७१,००० च्या आसपास, जास्तीचे बहुतेक दुसऱ्यांदा केलेल्या गोष्टींचे.

शेवटच्या सीनखाली तो पाऊस लावला. मास्तर भाव सांगतोय, २५ फ्रेम, २५ फ्रेम, आणि ती पट्टी लिहितीय.

१५ जून

वखारीतच पडदा लावून दाखवली, हमाल, मावसभाऊ, दोन-तीन अडते, ताईंच्या शाळेतल्या बायका. बेरजेच्या सीनला हशा, तो अपेक्षितच होता. प्लॅन बदलल्यानंतर मास्तरनं पहिलं उत्तर दिलं तसं मागनं एक म्हातारा हमाल बोलला, "ह्यो त्यो न्हवं." त्याला गॅपबिप काही सांगितलेलं नव्हतं, आणि वाक्यपण नवीन नव्हतं, 'आजचा भाव साडेतेरा हजार'.

एका अडत्याला कथा पटली नाही, म्हणाला बाईनं मशीनच्या नादी लागण्यापेक्षा माणूस दाखवायचा होता. ताईंच्या मैत्रिणीनं लगेच विचारलं, "कुठला?" तो विषय तिथंच राहिला.

२२ जून

फेस्टिव्हलला पाठवायची म्हणून इंग्लिश सबटायटल करून घेतले, बाहेरनं, ३,००० देऊन. भाषांतर चांगलंय पण आवाज बंद करून बघितलं आणि लक्षात आलं की सगळं पाडलं. करणाऱ्यानं नेहमीच्या पद्धतीनं सवाल-जवाब एकाच कार्डवर (पडद्यावर एका वेळी दिसणारा मजकूर) दोन ओळीत टाकलेत, म्हणजे सुमन विचारते तेव्हाच मास्तरचं उत्तर खाली वाचून झालेलं असतं. ज्याला मराठी येत नाही त्याच्यासाठी गॅप उरलाच नाही, पहिल्या सीनपासून शेवटपर्यंत सगळं सारखंच.

आता प्रत्येक कार्ड तोडून मास्तरची ओळ त्याच्या आवाजाच्या पहिल्या फ्रेमला आणून लावतोय. ३ फ्रेम आधी बोलतो तिथं दोन्ही ओळी एकदम दिसल्या पाहिजेत, तेवढी एकच जागा तशी ठेवायची. निम्मं झालंय, एंट्रीची शेवटची तारीख ३० आहे.